ठाणे-कल्याण पट्ट्यातला हौशी बुद्धिबळपटू

हौशी बुद्धिबळपटू बुद्धिबळावर पोट भरत नाही. तो किताबासाठी खेळत नाही आणि त्याच्या डावांची बहुधा कुठे नोंदही राहत नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात असे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले, पण ते कसे खेळत हे सांगणारा पुरावा अगदी तुटपुंजा आहे. इंटरनेटवरचे बुद्धिबळ आल्यापासून चित्र पालटले. आता साध्यातल्या साध्या खेळाडूचा प्रत्येक डाव चालींसकट आणि वेळेसकट जपला जातो. त्यामुळे या इतिहासाचे दोन असमान भाग पडतात. पहिला भाग मोठा आहे. तो खेळाचे नियम, घड्याळ आणि भिडू यांवरून ताडावा लागतो. दुसरा जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचा असून आकड्यांनी खच्चून भरलेला आहे.

महाराष्ट्रातल्या बुद्धिबळाचे जुने उल्लेख राजदरबारांतून आणि पंडितांच्या ग्रंथांतून येतात. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे सविस्तर वर्णन आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याण होती, पण ते बिदरजवळचे बसवकल्याण. खाडीकाठच्या कल्याणाने त्यावर हक्क सांगण्यात अर्थ नाही. सतराव्या शतकात काशीत राहणाऱ्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने ‘नीतिमयूखा’त खेळाचे नियम दिले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा डावांचा संस्कृत ग्रंथ रचला. 1814 साली मुंबईत त्याचे इंग्रजी रूपांतर छापले गेले आणि ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचे त्याच्या नावातच म्हटले होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मुंबईच्या परिसरात देशी आणि विलायती अशा दोन्ही पद्धती एकमेकींना ठाऊक होत्या. ठाण्याचा किल्ला 1774 पासून इंग्रजांकडे होता, कल्याणही 1780 मध्ये त्यांच्याकडे गेले. विलायती पद्धत या बाजूला लवकर पोचायला एवढे कारण पुरेसे होते.

देशी पद्धतीचे नियम प्रांतागणिक थोडे बदलत, पण मुख्य गोष्टी ठरलेल्या होत्या. प्यादे पहिल्या चालीतही सहसा एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, साऱ्या डावात एकदा घोड्याची चाल करता येई. प्यादे शेवटच्या ओळीला पोचले की हवे ते मोहरे मिळत नसे. ज्याच्या घरात ते पोचले त्याच मोहऱ्याची बढती मिळे. एकटा राजा उरला की तो डाव पुरता हरल्यासारखा धरत नसत, अर्धामुर्धा धरत. प्याद्याने केलेली मात म्हणजे प्यादेमात ही सर्वांत मानाची.

या नियमांतून एक विशिष्ट शैली घडली. प्यादी हळू सरकत असल्याने दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे. सुरुवातीच्या चाली पाठ करण्याला फारसा अर्थ नव्हता. आधी आपापली तटबंदी उभी राहायची आणि मग लढाई. शेवटाचा भाग मात्र कसदार असे, कारण कोणते प्यादे कोणत्या घरी पोचवायचे आणि मात कशाने करायची यावर डावाची प्रतिष्ठा अवलंबून असायची. देशी खेळाडू सुरुवातीत मंद आणि शेवटात पक्का असा निघे.

ही शैली विलायती नियमांना भिडल्यावर काय होते याचे दोन प्रसिद्ध दाखले आहेत. दोन्ही ठाण्यापासून दूरचे, पण हौशी खेळाडूच्या शैलीबद्दल त्यांच्याइतके बोलके दुसरे काही नाही. पहिला महेशचंद्र बॅनर्जी यांचा. कोलकात्याच्या आसपासच्या खेड्यातल्या या ब्राह्मणाशी जॉन कॉक्रेन या इंग्रज बॅरिस्टरने 1848 नंतरच्या काळात शेकडो डाव खेळले. महेशचंद्र प्यादी एकेक घर सरकवत, उंट कोपऱ्याच्या बाजूला नेऊन लांब तिरप्या रेषेवर बसवत. त्या काळच्या युरोपीय डोळ्याला हे विचित्र दिसले. पुढे याच मांडणीच्या कुळाला ‘इंडियन डिफेन्स’ असे नाव मिळाले आणि विसाव्या शतकात अव्वल खेळाडूंनी ती डोक्यावर घेतली. दुसरा दाखला पंजाबातल्या मीर सुलतान खान यांचा. देशी नियमांवर वाढलेला हा खेळाडू 1929 मध्ये आपल्या धन्यासोबत लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा झाला. हेस्टिंग्ज इथे त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. त्याची सुरुवात कच्ची आणि शेवट भक्कम होता. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

ठाणे-कल्याण पट्ट्यात खेळाचे स्वरूप बदलले ते रेल्वेने. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. मुंबईत नोकरी आणि बिऱ्हाड ठाण्याला किंवा त्याही पलीकडे, अशी राहणी हळूहळू रुजली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. पांढरपेशा वाचक असलेल्या गावात बुद्धिबळ मुरायला वेळ लागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंबिवली कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी आणि गिरणी-कारखान्यांतल्या तंत्रज्ञांनी भरली. 1964 नंतर औद्योगिक वसाहतीने तिला स्वतःचा रोजगारही दिला. हाच इथला बुद्धिबळाचा वर्ग.

दरम्यान देशी नियम मागे पडले. 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि 1955 मध्ये एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या. 1974 मध्ये राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाली आणि वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी तिच्यावर कब्जा केला. पुढे प्रवीण ठिपसे 1997 मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. मुंबईच्या या यशाचे पडसाद लोकलने तासाभरावर असलेल्या गावांत उमटणे साहजिक होते. त्याआधीच बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्या 1972 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीने वर्तमानपत्रांत बुद्धिबळाला जागा मिळवून दिली होती.

या काळातला हौशी डाव चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या गच्चीत किंवा गणेशोत्सवातल्या स्पर्धेत खेळला जाई. बुद्धिबळाचे दोन तबकड्यांचे घड्याळ महाग होते आणि क्लबाबाहेर क्वचितच दिसे. घड्याळ नाही म्हणजे वेळेचे बंधन नाही, आणि बंधन नाही म्हणजे विचार कितीही लांबवता येतो. चाल परत घेण्याची मुभा मागितली जाई आणि बऱ्याचदा दिलीही जाई. भोवती उभे असलेले लोक सल्ले देत; काही वेळा खरा डाव त्यांच्यातच चाले. भिडू तेच ते चार-पाच. त्यामुळे समोरच्याची खोड माहीत असे आणि शैली त्या खोडीभोवती घडे. शेजारच्या काकांना वजिराची अदलाबदल आवडत नसेल तर ती घडवून आणणे हेच अर्धे धोरण. अशा ठिकाणी खेळाडूची ताकद साऱ्या वाड्याला ठाऊक असे, पण वाड्याबाहेर तिला काही किंमत नसे.

बाहेर किंमत ठरवणारी पद्धत तेव्हा अस्तित्वात आली होती, पण हौशी माणूस तिच्या कक्षेबाहेर होता. अर्पाद एलो या हंगेरियन-अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेली गुणांकन पद्धत फिडेने 1970 मध्ये स्वीकारली. तिचे गणित सोपे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांत 200 चा फरक असेल तर वरच्याला शंभरपैकी सुमारे 76 गुण मिळावेत, 400 चा असेल तर सुमारे 91. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर गुण वाढतात, कमी मिळाले तर घटतात. पण फिडेच्या यादीची खालची मर्यादा बराच काळ 2200 होती. 1993 मध्ये ती 2000 वर आली आणि मग टप्प्याटप्प्याने 2012 पर्यंत 1000 वर. म्हणजे 1980 च्या दशकातला डोंबिवलीचा चांगला रविवारचा खेळाडू, ज्याची ताकद आजच्या हिशेबाने 1600 भरली असती, त्याला जागतिक यादीत आकडाच नव्हता. तो चांगला की वाईट हे फक्त तो कोणाला हरवतो यावरून कळे.

लोकलमधल्या डब्यात तेव्हा पत्त्यांचे राज्य होते. मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून चौघांचा डाव लागे, शेजारी भजन चाले. चुंबकाची छोटी पेटी घेऊन बुद्धिबळ खेळणारे असत, पण ते अपवाद. दोघांच्या खेळाला उभ्या गर्दीत जागा मिळणे कठीण आणि ठाण्याला उतरणारा भिडू डोंबिवलीपर्यंत डाव पुरा करू शकत नाही.

जगात इंटरनेटवरचे बुद्धिबळ 1992 मध्ये पहिल्या चेस सर्व्हरने सुरू झाले. 1995 मध्ये त्याचा व्यावसायिक अवतार आला. त्या निर्णयावर नाराज झालेल्यांनी फुकटचा वेगळा सर्व्हर उभारला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ठाणे मुंबईच्या 022 या फोन संकेतांकात आणि महानगर टेलिफोन निगमच्या जाळ्यात, तर कल्याण-डोंबिवली 0251 मध्ये आणि दूरसंचार खात्याच्या, पुढे भारत संचार निगमच्या जाळ्यात. डायल-अप जोडणीत फोन अडकून राही, वर तासांचा हिशेब वेगळा. म्हणून अनेकांची पहिली ओळख सायबर कॅफेत, याहूच्या खेळांच्या पानावर झाली. तासाला पैसे मोजून खेळणारा माणूस लांब डाव लावत नाही. हौशी खेळ जलद होण्याचे पहिले कारण हे खिशाचे आहे, स्वभावाचे नाही.

चेस डॉट कॉम 2007 मध्ये आणि फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी उभारलेले फुकट व खुले लिचेस 2010 मध्ये सुरू झाले. पण मोठी उडी सप्टेंबर 2016 मध्ये स्वस्त मोबाइल डेटाने मारली. आता डाव खिशात आला आणि पत्त्यांना जे जमले होते तेच बुद्धिबळाला जमू लागले: लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून. भिडू शेजारी असण्याची गरज उरली नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48 आणि कल्याण सुमारे 54. जलद लोकलने डोंबिवलीला तासाच्या आसपास लागतो. तेवढ्यात तीन मिनिटांचे पाच-सात डाव आरामात होतात, पाऊण तासाचा एकही धड होत नाही.

पारसिकच्या बोगद्याचा इथे उल्लेख हवा. कळवा आणि मुंब्रा यांच्यामधला हा सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा 1916 मध्ये खुला झाला. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत जलद लोकल त्यातूनच जात. बोगद्यात फोनचे जाळे सुटे, आणि ऑनलाइन डावात जोडणी तुटली तरी घड्याळ थांबत नाही. तीन मिनिटांच्या डावात त्यातले मिनिटभर गेले तर जिंकलेली स्थितीही हातची जाते. हा पराभव नोंदीत इतर पराभवांसारखाच दिसतो. ऑनलाइन आकडे वाचताना अशा गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

हौशी ऑनलाइन खेळाडूची कामगिरी मोजताना सर्वांत फसवा आकडा विजयांच्या टक्केवारीचा. संकेतस्थळ प्रत्येकाला त्याच्याच ताकदीचा भिडू देते. त्यामुळे हजारो डाव खेळलेल्या जवळपास प्रत्येकाचे जय आणि पराजय सारखे होत जातात, मग तो 900 चा असो की 2100 चा. बरोबरी या पातळीवर थोडी. खरी माहिती गुणांकनात असते. ते बहुतेक ठिकाणी एलोऐवजी मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीने काढतात. तिच्यात गुणांबरोबर त्या गुणांची खात्री किती हेही मोजले जाते. नवख्याचे गुण एका डावात शंभरानेही हलतात, रोज खेळणाऱ्याचे पाच-सातने. लिचेसवर प्रत्येक जण 1500 पासून सुरू होतो, दुसरीकडे सुरुवात वेगळी असते आणि खेळणारा समूहही वेगळा. म्हणून एका ठिकाणचे 1700 दुसरीकडचे 1700 नसतात, आणि फिडेचे तर नसतातच. ‘सर्वोच्च गुण’ हा आकडा सगळे अभिमानाने सांगतात. तो बहुतेकदा एका चांगल्या संध्याकाळचा असतो. वर्षभराची सरासरी पाहावी आणि बुलेट, ब्लिट्झ व रॅपिड हे वेळेनुसारचे प्रकार वेगवेगळे पाहावेत. रॅपिड आणि ब्लिट्झ यांच्यातली दरी हीच बऱ्याचदा खेळाडूची ओळख असते.

आता शैली. चाळीस चालींच्या डावात तीन मिनिटे म्हणजे चालीमागे साडेचार सेकंद. एवढ्या वेळात विचार होत नाही, आठवण होते. म्हणून ऑनलाइन हौशी खेळाडूला सुरुवातीच्या चाली बऱ्यापैकी येतात. पांढऱ्याकडून लंडन किंवा इटालियन, काळ्याकडून कारो-कान किंवा सिसिलियन. आठव्या चालीपर्यंत हात भराभर चालतो. यूट्यूबवरून शिकलेला एखादा सापळा, उदाहरणार्थ एफ-7 वर घोडा देऊन राजाला उघड्यावर ओढण्याचा, पुन्हा पुन्हा लावला जातो, कारण समोर रोज नवा माणूस असतो. वाड्यातल्या काकांवर तो दुसऱ्यांदा चालला नसता. मधल्या डावात हल्ल्याकडे ओढा असतो. त्याला धाडस म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणावे, कारण बचाव करणाऱ्याला जास्त वेळ लागतो आणि घड्याळ हल्लेखोराच्या बाजूने असते. शेवट कच्चा राहतो. हत्ती-प्याद्यांचा शेवट येईपर्यंत दोघांकडे दहा-पंधरा सेकंद उरलेले असतात. मग समोरच्याची चाल येण्याआधीच आपली देऊन ठेवण्याची प्रीमूव्हची सोय कामाला येते आणि बुद्धिबळ संपून बोटांची शर्यत सुरू होते. जिंकलेल्या कितीतरी स्थिती वेळेवर हरल्या जातात.

म्हणजे देशी खेळाडूच्या बरोबर उलटे. तो सुरुवातीत कच्चा आणि शेवटात पक्का, हा सुरुवातीत पक्का आणि शेवटात कच्चा. यात कोणी जास्त हुशार नाही. नियम आणि घड्याळ बदलले, तसा खेळाडू बदलला. फिशरने 1980 च्या दशकाअखेर पेटंट घेतलेली, प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देण्याची रीत जिथे वापरतात, उदाहरणार्थ तीन मिनिटे अधिक दोन सेकंद, तिथे त्याच खेळाडूचे शेवट लगेच सुधारलेले दिसतात.

डाव संपताच संगणक ‘अचूकता’ टक्क्यांत सांगतो. हा आकडाही जपून वाचावा. सरळसोट, लवकर संपलेल्या डावात 90 च्या वर जाणे सोपे. गुंतागुंतीच्या, दोघांनीही लढवलेल्या डावात 75 हाही चांगला खेळ असू शकतो. त्यापेक्षा घोडचुका केव्हा होतात ते पाहणे उपयोगाचे. हौशी खेळाडूच्या चुका डावभर सारख्या पसरलेल्या नसतात. घड्याळात थोडा वेळ उरला की, आणि पाठ असलेल्या चाली संपून पहिली अनोळखी स्थिती आली की, त्या एकदम दाटतात.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, लोकल बंद पडली आणि प्रवासातला खेळ घरात आला. ऑगस्ट महिन्यात फिडेच्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख होती. विदितने समय रैना या विनोदकारासोबत थेट प्रक्षेपणांतून हजारो नवख्यांना खेळाकडे ओढले. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘द क्वीन्स गँबिट’ मालिकेने त्यात भर घातली. लोकल थांबल्याने प्रवासाचे दोन-अडीच तास मोकळे झाले, तेव्हा काही खेळाडू प्रथमच पंधरा-तीस मिनिटांच्या डावांकडे वळू शकले.

याच काळात फसवणुकीचा प्रश्नही चव्हाट्यावर आला. 13 जून 2021 रोजी मदतनिधीसाठी भरवलेल्या प्रदर्शनी सामन्यांत उद्योजक निखिल कामत यांनी विश्वनाथन आनंद यांना हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची व जाणकारांची मदत घेतल्याची कबुली दिली. संकेतस्थळे खेळाडूच्या चाली संगणकाच्या चालींशी ताडतात, चालीमागचा वेळ पाहतात आणि संशयास्पद खाती बंद करतात. त्या खात्यांशी हरलेल्यांना काही वेळा गुण परत मिळतात.

सभागृहातल्या स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर ऑनलाइन घडलेली पिढी पटावर उतरली. तिला अडचणी आल्या त्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींत: हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, चाल स्वतः लिहावी लागते, बेकायदा चाल पडदा अडवत नाही, आणि त्रिमित मोहऱ्यांचा पट पडद्यावरच्या सपाट पटापेक्षा वेगळा दिसतो. तीन तास एका डावावर बसणे ही सवय वेगळी कमवावी लागते. 1 मार्च 2024 पासून फिडेने यादीची खालची मर्यादा 1000 वरून 1400 वर नेली आणि 2000 खालच्या खेळाडूंचे गुण एकदाच ठरावीक सूत्राने वाढवले. नवख्याचे पहिले गुणांकन काढतानाही त्याने 1800 च्या दोन काल्पनिक भिडूंशी बरोबरी केल्याचे आता धरले जाते. त्यामुळे जिल्हा स्पर्धेतून प्रथमच यादीत येणाऱ्याचा आकडा पूर्वीपेक्षा वरचा असतो, पण 1400 च्या खाली खेळणारा पुन्हा एकदा फिडेच्या यादीबाहेर राहतो. त्याचा आकडा सध्या फक्त संकेतस्थळांकडे आहे.